पानावर न मावलेला तिसरा ट्रान्झिस्टर

"प्रयोग क्रमांक अकरामध्ये अपेक्षित गेन न मिळण्यास प्रयोगशाळा सहायक यांची हयगय कारणीभूत असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी आपणांस भांडार विभागात का हलवण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा."

हे माझ्या मावशीला आलेलं पत्र. मी ते शंभर वेळा वाचलं असेल आणि शंभर वेळा माझ्या डोक्यात तिडीक गेली आहे. हयगय म्हणे! जी बाई स्वतःच्या घरातल्या इस्त्रीच्या प्लगचे स्क्रू दर महिन्याला उघडून पाहते, जिच्या कपाटातल्या वायरी रंगानुसार नाही तर रंग आणि लांबी दोन्हींनुसार लावलेल्या असतात, तिची हयगय. आणि हे लिहिणारा माणूस कोण, तर ज्याने त्या लॅबमध्ये वर्षभरात एकदाही स्कोपचं, म्हणजे पडद्यावर लाट दाखवणाऱ्या यंत्राचं, बटण दाबलेलं मी पाहिलं नाही.

मावशी आमच्या इंजिनियरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये सहायक होती, तेवीस वर्षं. मी त्याच कॉलेजात शिकत होते आणि राहायला तिच्याच घरी होते. घरी ती मावशी आणि लॅबमध्ये 'बाई', हा नियम तिनेच पहिल्या दिवशी घालून दिला. "लॅबमध्ये मावशी म्हणून हाक मारलीस तर मला ऐकू येणार नाही," ती म्हणाली, आणि खरंच एकदा आलं नाही. मुलं तिला पाठीमागे 'क्लिपबाई' म्हणायची, कारण तिच्या पांढऱ्या कोटाच्या खिशाला कायम लाल-काळ्या क्लिपांची रांग लटकलेली असायची. तिला ते नाव ठाऊक होतं. "नावात काय वाईट आहे? क्लिप नीट लागली नाही तर तुमचा सगळा अभ्यास हवेत," एवढंच तिचं म्हणणं.

तिचं शिक्षण म्हणजे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा दोन वर्षांचा कोर्स. त्या वर्गात ती एकटीच मुलगी. तिथल्या मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "तुझं अक्षर चांगलं आहे, तू नोंदी ठेव. सोल्डरिंग मुलं करतील." तिने नोंदी ठेवल्या आणि सोल्डरिंगही केलं. वर्षअखेरीला बाकीच्या मुलांचे रेडिओ खरखरत होते तेव्हा तिच्या रेडिओवर बातम्या चालू होत्या. हा किस्सा मला काकांनी सांगितला. काका म्हणजे तिचा नवरा. ते शिंपी आहेत, घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान. त्यांना मावशीच्या कामातलं काही कळत नाही, पण तिच्याविषयी बोलताना ते कात्री खाली ठेवतात.

लॅबमधले जुने बोर्ड सगळे तिनेच बनवलेले होते. लाकडी पाटी, तिच्यावर ठोकलेले टर्मिनल, प्रत्येक भागाखाली तिच्या गोल अक्षरातली चिठ्ठी. अकरावा प्रयोग म्हणजे कॅस्कोड अॅम्प्लिफायर. दोन ट्रान्झिस्टर एकावर एक रचलेले आणि शेवटी तिसरा. आत गेलेला सिग्नल किती पट मोठा होऊन बाहेर येतो, म्हणजे गेन किती, ते आधी कागदावर काढायचं आणि मग मोजायचं. कागदावर एकशे ऐंशी यायचे, मोजल्यावर एकशे पंचाहत्तर-अठ्ठ्याहत्तर. दोन्हींत इतका थोडा फरक असलेला प्रयोग क्वचितच असतो. मावशीचा तो लाडका प्रयोग होता.

मग आले समास सर.

समास सर म्हणजे आमचे नवे विभागप्रमुख. जर्नलमधला समास ते पट्टीने मोजायचे. डावीकडे दीड इंच, उजवीकडे अर्धा. पाव इंच कमी भरला तर अर्धा मार्क जायचा. त्यांनी आल्या आल्या प्रयोगांची नवी पुस्तिका काढली. दर प्रयोगाला दोन पानं, आकृतीला अर्धं पान, आणि निरीक्षणाच्या तक्त्यात चार ओळी म्हणजे चारच ओळी. अकराव्या प्रयोगाची आकृती अर्ध्या पानात बसेना. तिसरा ट्रान्झिस्टर समासात घुसत होता.

त्यांनी तिसरा ट्रान्झिस्टर काढून टाकला.

मी गंमत करत नाही. पानावर मावेना म्हणून सर्किटमधून ट्रान्झिस्टर काढला. उत्तर मात्र जुनंच ठेवलं, एकशे ऐंशी. पुढे जुन्या लाकडी पाट्या खराब दिसतात म्हणून नवे बोर्ड मागवले, ते त्या पुस्तिकेतल्या आकृतीवरून. तयार होऊन आले तेव्हा बाराच्या बारा बोर्डांवर दोनच ट्रान्झिस्टर. मावशीने पहिल्याच दिवशी मोजलं, अठ्ठ्याऐंशी आले. तिने चिठ्ठी लिहिली: 'तिसरा ट्रान्झिस्टर नसल्याने गेन निम्मा येतो. आकृती किंवा उत्तर यांपैकी एक बदलावे.' चिठ्ठी परत आली. खाली हिरव्या शाईत 'पाहिले' आणि सही. ती विचारायला गेली तेव्हा सर म्हणाले, "बाई, थिअरी आमच्यावर सोडा. तुम्ही वायरी बघा."

त्यानंतर दोन वर्षं काय झालं, ते मला जास्त जाळतं, कारण त्यात मी आहे.

आमच्या वर्गात साठ जणं. प्रत्येकाला बोर्डवर अठ्ठ्याऐंशीच्या आसपास मिळालं. पुस्तिकेत एकशे ऐंशी होतं आणि सर उत्तर पाहून मार्क द्यायचे. तेव्हा सगळ्यांनी जे करायचं तेच केलं. आम्ही त्याला 'उलटं भरणं' म्हणायचो. आधी उत्तर लिहायचं, मग त्याला भागून-गुणून रीडिंगं भरायची. त्यात पाप आहे असं कुणाला वाटतच नव्हतं. सीनियरांनी तेच केलं होतं. माझ्यापुढे खरं यंत्र होतं, पडद्यावर खरी लाट हलत होती, माझी सख्खी मावशी चार पावलांवर उभी होती, आणि मी पुस्तिकेतला नमुना तक्ता जसाच्या तसा उतरवला. समास बरोबर दीड इंच. दहापैकी दहा.

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. अकरावा प्रयोग एका उंच मुलाच्या वाट्याला आला. त्याला आम्ही जिराफ म्हणायचो. जिराफाला पाठ काही नव्हतं, त्यामुळे त्याने दिसलं ते लिहिलं: अठ्ठ्याऐंशी. परीक्षकांनी विचारलं, "पुस्तिकेत तर एकशे ऐंशी आहे, निम्माच कसा?" समास सर शेजारीच होते. ते ताबडतोब म्हणाले, "बोर्ड खराब असणार. सहायकांचं लक्ष नसतं हो." मावशी समोर सोल्डरिंगचं स्टँड पुसत होती. तिने मान वर केली, पण परीक्षेच्या वेळी सहायकाने बोलायचं नसतं.

चार दिवसांनी ते पत्र आलं. सोबत पुरावा जोडला होता: 'साठ विद्यार्थ्यांच्या जर्नलांत गेन १८० नोंदलेला असून, परीक्षेच्या वेळी मात्र ८८ मिळाला. यावरून बोर्डाची देखभाल झालेली नाही हे उघड आहे.'

साठ विद्यार्थी. त्यातली एक मी.

भांडार विभाग म्हणजे तळघरातली एक खोली. तिथे तुटक्या खुर्च्या आणि जुने पंखे मोजायचे. मावशीने पत्र काकांना दाखवलं आणि म्हणाली, "तेवीस वर्षं मी माणसांपेक्षा ट्रान्झिस्टरशी जास्त बोललेय. खुर्च्यांशी काय बोलू?" काका म्हणाले, "अगं, तू सांग की त्यांना." "काय सांगू? ते म्हणतील, साठ विरुद्ध एक."

रविवारी दुपारी तिने मला कापड कापायच्या टेबलाशी बोलावलं. काकांनी पँटच्या मापाचा मोठा कागद पसरला होता. मावशीने त्यांचा निळा खडू उचलला.

"अगं, तो माझा आहे," काका म्हणाले.

"गिऱ्हाईक थांबेल. बस गं. अकराव्या प्रयोगाचा गेन काढून दाखव."

"एकशे ऐंशी," मी म्हणाले.

"उत्तर नाही विचारलं. काढून दाखव."

मला येईना. मार्क दहापैकी दहा, आणि मला येईना. मग तिने खडूने दोन ट्रान्झिस्टर काढले, एकाच्या डोक्यावर दुसरा.

"खालून सुरुवात करायची. दोघांतून एकच करंट वाहतो, एक मिलिअँपिअर. आता सव्वीसला, तो ट्रान्झिस्टरचा ठरलेला आकडा, त्या करंटने भाग. सव्वीस मिलिव्होल्ट भागिले एक मिलिअँपिअर, किती?"

"सव्वीस ओहम."

"हा प्रत्येकाचा आतला रोध. आता खालच्याच्या डोक्यावर काय आहे? वरच्याचा एमिटर, त्याचा खालचा पाय. म्हणजे खालच्याला भार मिळतो तोही सव्वीसचाच. सव्वीस भागिले सव्वीस, एक. लाट उलटी होते म्हणून उणे एक. म्हणजे खालच्याने व्होल्टेज वाढवलं किती?"

"काहीच नाही."

"काही नाही. त्याने करंट हलवला. तोच करंट वरचा जशाच्या तसा वर नेतो आणि चार हजार सातशेच्या रेझिस्टरमध्ये ओततो. चार हजार सातशे भागिले सव्वीस?"

"एकशे ऐंशी."

काका टेपमाप गळ्यात घालून ऐकत होते. "म्हणजे खालचा राबतो आणि वरचा मिरवतो," ते म्हणाले. "आपल्या घरासारखं."

"आणि वरचं कोण?"

"कोटाला क्लिपा लावून हिंडतं ते."

"वरचा मिरवत नाही," मावशी अगदी गंभीरपणे म्हणाली. "खालचा नसेल तर वरच्याकडे न्यायला काही नाही, आणि वरचा नसेल तर खालच्याच्या डोक्यावर सगळं व्होल्टेज हलत राहील, मग वेगाचा सिग्नल आला की तो दमेल. दोघांची नीट वाटणी आहे ती. पण शेवटी बाहेर जो भार लावलाय, तोही चार हजार सातशेचा. तो थेट वरच्याला जोडला तर करंट दोन वाटांनी फुटतो. मग रोध उरतो निम्मा, गेन उरतो निम्मा. नव्वद. मोजल्यावर अठ्ठ्याऐंशी. तिसरा ट्रान्झिस्टर तेवढ्यासाठीच होता. तो गेन वाढवत नाही, फक्त मधे उभा राहतो आणि बाहेरचा भार वरच्याला जाणवू देत नाही." तिने खडू ठेवला. "आता तुझं जर्नल आण."

मी जर्नल आणलं. तिने अकरावा प्रयोग उघडला आणि गेनचा आकडा पाहिला. काका मशीनवर जाऊन बसले, पण पाय हलवला नाही.

"तूसुद्धा," ती म्हणाली.

"मावशी, सगळेच…"

"सगळ्यांच्या घरी मी नाही गं. तुझ्या घरी आहे. मला विचारलं असतंस तर?"

मी रडायला लागले. तिने समजूत घातली नाही. ती तक्ता वाचत होती. अचानक तिचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. वीस मिलिव्होल्टला तीन पूर्णांक सहा व्होल्ट, चाळीसला सात पूर्णांक दोन, साठला दहा पूर्णांक आठ, ऐंशीला चौदा पूर्णांक चार.

"हे तू मोजलंस?"

"नाही."

"ते कळलं. सप्लाय किती व्होल्टचा आहे?"

"बारा."

ती हसली. पण ते हसू ऐकून काकांनी मान वळवली. "बाराच्या सप्लायमधून चौदा पूर्णांक चार! लाटेचा वरचा आणि खालचा काठ, दोन्ही बाराच्या आतच हवेत. पेटीच्या बाहेर लाट जाईल कशी? ती तर त्याच्याही आधीच चपटी होते. जुन्या पुस्तिकेत वीस मिलिव्होल्टच्या पुढे एकही ओळ नव्हती. हे मात्र चार ओळी भरायच्या म्हणून नुसता गुणाकार करत गेले." मग माझ्याकडे वळून, "ही ओळ साठही जणांकडे आहे?"

"हो. नमुन्यातच आहे."

"जर्नल माझ्याजवळ राहू दे."

सातव्या दिवशी तिने खुलाशात एकच वाक्य लिहिलं: 'माझा खुलासा लॅबमध्ये मोजून देण्याची परवानगी असावी.' समास सरांना हे मुळीच आवडलं नाही, पण प्राचार्य आले. ते सिव्हिलचे. सोबत फाईल घेतलेला क्लार्क होता. सकाळचे अकरा वाजले होते आणि मी तास बुडवून दारात उभी होते. मावशीने मला येऊ नको म्हणून बजावलं होतं. कॉलेजने द्यायचे अंतर्गत मार्क समास सरांच्या हातात होते.

"साठ विद्यार्थ्यांना एकशे ऐंशी मिळाले, सर," समास सर प्राचार्यांना सांगत होते. "एकट्या त्या मुलाला अठ्ठ्याऐंशी. म्हणजे बोर्ड मधल्या काळात बिघडले. बोर्ड कुणाच्या ताब्यात? बाईंच्या. साधा तर्क आहे."

"साठांना नाही मिळाले," मी दारातून म्हणाले. "एकोणसाठांचं मला माहीत नाही, पण मला अठ्ठ्याऐंशी मिळाले होते. मी एकशे ऐंशी लिहिले."

"ही कोण?" प्राचार्यांनी विचारलं.

"विद्यार्थिनी," मावशी म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

"बाईंची भाची आहे ती, सर," समास सर म्हणाले. "घरचा साक्षीदार."

"मग घरचा साक्षीदार सोडून द्या," मावशी म्हणाली. "जर्नलांचा गठ्ठा तिथे आहे. कुठलंही उघडा. अकरावा प्रयोग, शेवटची ओळ."

क्लार्कने तीन जर्नलं उघडली. तिन्हींत चौदा पूर्णांक चार. चौथ्यातही.

"बाई, मी सिव्हिलचा माणूस," प्राचार्य म्हणाले. "मला समजेल असं सांगा."

"सर, खोली बारा फूट उंच आहे. आत चौदा फुटांचा खांब उभा केलाय आणि छताला भोक नाही. तेही साठ जणांनी."

प्राचार्यांनी समास सरांकडे पाहिलं.

"ती छपाईची चूक आहे," समास सर म्हणाले.

"छपाईची चूक साठ मुलांच्या स्कोपवर कशी दिसली, सर?" मावशीने विचारलं.

क्लार्कला खोकला आला.

मग मावशीने बाराही बोर्ड टेबलावर मांडले. "कुठलाही उचला," ती समास सरांना म्हणाली. त्यांनी सातवा उचलला. तिने दहा मिलिव्होल्ट आत सोडले, बाहेर शून्य पूर्णांक अठ्ठ्याऐंशी व्होल्ट. "आता दुसरा." सत्त्याऐंशी. तिसरा, पुन्हा अठ्ठ्याऐंशी. "सगळे एकाच वेळी, एकाच मापाने बिघडले असतील तर मला बक्षीसच द्यायला हवं," ती म्हणाली. मग कोटाच्या खिशाच्या क्लिपा सोडवल्या, एक ट्रान्झिस्टर आणि एक रेझिस्टर सातव्या बोर्डला जोडले आणि बाजूला झाली. पडद्यावरची लाट दुप्पट उंच झाली. एक पूर्णांक सत्त्याहत्तर व्होल्ट. गेन एकशे सत्त्याहत्तर.

शेवटी तिने ती जुनी चिठ्ठी पुढे ठेवली. हिरव्या शाईतलं 'पाहिले' प्राचार्यांनी दोनदा वाचलं. "बाई लॅबमध्येच राहतील," ते म्हणाले, घड्याळ पाहिलं आणि निघून गेले. कुणी माफी मागितली नाही. समास सर जाताना मला म्हणाले, "जर्नल जमा कर."

मला वाटलं, संपलं. पण दोन दिवसांनी नवं पत्र आलं: 'सहायकांनी आवश्यक ती दुरुस्ती केल्यामुळे बोर्ड आता समाधानकारक चालत आहेत. सबब प्रकरण बंद करण्यात येत आहे.' सहीसाठी खाली जागा सोडली होती.

"कर की सही," काका म्हणाले. "लॅब राहिली ना तुझी?"

"मी दुरुस्ती केलेली नाही. ते कधी बिघडलेच नव्हते." तिने पत्र सही न करता परत पाठवलं. दुसरं आलं, त्यात 'किरकोळ दुरुस्ती'. तेही परत. तिसऱ्यात 'योग्य ती जोडणी'. परत. क्लार्क जिने चढून चढून वैतागला आणि म्हणाला, "बाई, तुम्हीच सांगा काय लिहू, मी टाइप करून आणतो." तिने सांगितलं आणि त्याने तेवढंच आणलं: 'बोर्डांमध्ये दोष नव्हता.' त्यावर तिने सही केली. मग दोष कशात होता, हे त्या कागदावर कुठेही लिहिलेलं नाही, आणि ते आजही मला खुपतं.

मी तो प्रयोग पुन्हा केला. एकशे ऐंशी खोडून अठ्ठ्याऐंशी लिहिलं. समास सरांनी दोन मार्क कापले. कारण शेऱ्यात लिहिलं होतं: खाडाखोड. उरलेल्या एकोणसाठ जणांचं जर्नल कुणी उघडलं नाही. त्यांचे दहापैकी दहा तसेच आहेत.

आणि पुस्तिका? तिच्याबद्दल सूचना निघाली की साठा संपेपर्यंत हीच प्रत वापरावी. साठा म्हणजे एकशे वीस प्रती. मावशीने त्या लॅबमध्ये आणवल्या, अर्ध्या माझ्यापुढे ठेवल्या, अर्ध्या स्वतःपुढे, आणि एक लाल पेन मला दिला. प्रत्येक प्रतीत एकशे ऐंशीपुढे 'तिसरा जोडल्यावर, नाहीतर ८८' असं लिहायचं, शेवटच्या तीन ओळींवर काट मारायची आणि समासात, बरोबर त्या दीड इंचात, तिसरा ट्रान्झिस्टर काढायचा. तो तिथे आरामात मावत होता.

एकोणचाळिसाव्या प्रतीला माझा हात भरून आला. मी पेन खाली ठेवून बोटं चोळायला लागले.

"काय झालं?" मावशीने मान वर न करता विचारलं.

"हात दुखतोय, बाई."

"दुखू दे," ती म्हणाली. "खोटं लिहिताना नव्हता ना दुखला?"

मी पेन उचलला आणि चाळिसावी प्रत उघडली.